नववीच्या 'गतीचे नियम' धड्यासाठी साधनांची शोधाशोध : कामाच्या नोंदी

१७ जून २०२४

शाळा सुरू झाली. भाची यंदा नववीत, मराठी माध्यमात. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. तिला आणि तिच्या वर्गातल्या सहाजणांना गावच्या वाचनालयात संध्याकाळी साडेसहा ते आठ घेऊन बसायचं ठरवलं आहे. माझा यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा झालाय, कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, त्यामुळे संध्याकाळ हातात असते. शिकवण्याचा अनुभव नाही. वाई तालुक्यातल्याच काय, कुठल्याही गावात कुणी हेच काम हाती घेतलं तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून या नोंदी.

आज धडा उघडला नाही. आधी मुलांना काय वाटतं ते विचारलं. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेन्टरी' ही चाचणी प्रसिद्ध केली. त्यात आकडेमोड नाही, फक्त समज तपासतात. ते प्रश्न उघड्यावर पसरवू नयेत अशी शिक्षकांना विनंती असते, म्हणून मी ते उचलले नाहीत. त्या धाटणीचे आठ प्रश्न आपल्याकडच्या गोष्टींवर बेतून लिहिले. कॅरमचा स्ट्रायकर बोटापासून सुटल्यावर त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? विहिरीतून बादली एकसारख्या वेगाने वर येतेय, तर दोराचं बल बादलीच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढंच? वर फेकलेल्या चेंडूवर वर जाताना कोणतं बल असतं? बैलगाडीचा एक, एसटीचा एक, असे आठ.

सात मुलं, आठ प्रश्न, म्हणजे ५६ उत्तरं. बरोबर आली १३. सातपैकी सहाजणांनी स्ट्रायकरच्या पुढे 'बोटाचं बल' असं लिहिलं. बोट सुटलं की त्याचं बल संपतं. तीच मुलं न्यूटनचा पहिला नियम (बाहेरून असंतुलित बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते) घडाघडा म्हणून दाखवतात.

१९ ते २७ जून

नऊ संध्याकाळी वाया गेल्या. यूट्यूबवर 'गतीचे नियम', 'बल', 'न्यूटनचे नियम' असं शोधत गेलो आणि मराठी-हिंदी मिळून ६१ व्हिडिओ उतरवले. डेटा संपला, ९८ रुपयांचा जादा टॉपअप मारला. रोज मुलांना दोन-तीन दाखवायचे, मुलं शांत बसून बघायची, आणि मला वाटायचं की गाडी रुळावर आली.

२७ तारखेला स्ट्रायकरचा प्रश्न पुन्हा विचारला. उत्तरं तीच.

आता कळतंय की चूक कुठे झाली. व्हिडिओत सांगितलेलं मुलांना पटतं, कारण त्यात त्यांच्या समजाला कुणी हातच लावत नाही. "बाह्य असंतुलित बल कार्यरत नसेल तर" हे वाक्य कानावर पडतं आणि शेजारी 'बोटाचं बल' जसंच्या तसं बसून राहतं. साधन शोधायचं तर विषयाच्या नावाने नाही, चुकीच्या समजाच्या नावाने शोधायला हवं होतं. पहिल्या दिवशी माझ्या हातात आठ प्रश्नांचे कागद होते. तीच शोधाची यादी होती आणि मी ती कपाटात ठेवून दिली.

२९ जून

६१ व्हिडिओंना चाळणी लावली. एकच कसोटी: टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाबद्दल काय सांगतात? "पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाने दिलेला आधार ही प्रतिक्रिया" असं जिथे आलं तो व्हिडिओ बाद. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि क्रिया-प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तर पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, ही एक जोडी. पुस्तक टेबलाला दाबतं, टेबल पुस्तकाला वर ढकलतं, ही दुसरी. तिसऱ्या, म्हणजे क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमावर बोलणाऱ्यांपैकी बरेच इथेच गळले. शेवटी उरले पाच. तेवढे पुरतात.

२ जुलै

आजचा सगळा वेळ शब्दांत गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

भाचीने मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं काम, आमच्यापासून चौदा किलोमीटरवर, आणि आता सगळं फुकट वाचता येतं. अभिमानाने उघडला आणि दहा मिनिटांत विचारते, "मामा, यात बल कुठंच नाही. सगळीकडे प्रेरणा प्रेरणा काय लिहिलंय?"

विश्वकोशाची परिभाषा वेगळी आहे हे मला ठाऊक नव्हतं. पाठ्यपुस्तकातलं 'बल' तिथे 'प्रेरणा', 'त्वरण' (वेग बदलण्याचा दर) म्हणजे 'प्रवेग', 'जडत्व' म्हणजे 'निरूढी', 'वस्तुमान' म्हणजे 'द्रव्यमान'. हिंदी व्हिडिओतही 'द्रव्यमान'च, आणि वजनाला तिथे 'भार' म्हणतात. आपल्याकडे भार म्हटलं की डोक्यावरचं ओझं डोळ्यांपुढे येतं. एक मुलगा आठवडाभर 'भार' आणि 'द्रव्यमान' एकच धरून चालला होता, कारण दोन्ही शब्द त्याला सारखेच परके.

पुठ्ठ्यावर चार रकाने आखले: पाठ्यपुस्तक, विश्वकोश, हिंदी, आणि इंग्रजी शब्द देवनागरीत. बारा ओळी झाल्या. भिंतीवर लावला. आता कुठलंही साधन उघडलं की मूल आधी पुठ्ठ्याकडे बघतं. हे काम पहिल्याच दिवशी करा. याला शून्य रुपये लागतात, आणि हे नसेल तर विश्वकोशासारखं साधन हाताशी असून हातचं जातं.

६ जुलै

बालभारतीच्या संकेतस्थळावरून सहावी ते नववीची विज्ञानाची पुस्तकं उतरवून घेतली, फुकट आहेत. नववीच्या धड्यात अंतर-विस्थापन, चाल-वेग, त्वरण, आलेखावरून समीकरणं, वर्तुळाकार गती एवढं झाल्यावर न्यूटन येतो. तोवर मुलं समीकरणांनी दमलेली असतात. म्हणून आम्ही उलटे गेलो: सहावीतलं बलाचे प्रकार, सातवीतलं 'गती, बल व कार्य', आठवीतलं 'बल व दाब', आणि मग थेट नववीच्या धड्याचा शेवटचा भाग. समीकरणं त्यानंतर. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात गतीचा धडा वेगळा आणि बलाचा वेगळा आहे. ते पुस्तक मराठीत नाही, पण हिंदीतून त्याची सरावाची उदाहरणं घेतली.

छपाईत चूक केली. उत्साहात रंगीत पानं काढली, ३१० रुपये गेले. त्यातली २०० रुपयांची पानं कुणी उघडलीही नाहीत. मोबाइलवर वाचता येणारी गोष्ट छापू नका. आलेख काढायचे कोरे चौकटीचे कागद तेवढे छापा.

९ जुलै

प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून दोन स्प्रिंगचे तानकाटे आणले, १० न्यूटनपर्यंतचे, २४० रुपयाला एक. घरी येऊन बघतो तर एक काटा काहीही न लावता ०.४ दाखवतोय. वरच्या बाजूला शून्यावर आणायचा स्क्रू असतो, तो फिरवून जागेवर आणला. दुकानातच बघून घ्या.

मग एक लिटर पाण्याची बाटली लटकवली. काटा तळाला टेकला. एक लिटर पाण्याचं वस्तुमान एक किलो, वजन (पृथ्वी त्याला ओढते ते बल) ९.८ न्यूटन, आणि बाटलीचं प्लास्टिक वेगळं. दहाच्या वर गेलं. अर्ध्या लिटरच्या बाटलीला ५.१ आलं. "किलो आणि न्यूटन वेगळे" हे मी तीनदा सांगितलं होतं, ते या तळाला टेकलेल्या काट्याने एका वेळेत सांगितलं.

नंतर बादलीचा प्रश्न. बाटली काट्याला लावून एकसारखी वर न्यायची. उचलताना काटा क्षणभर ६ च्या पुढे जातो, एकदा वेग स्थिर झाला की ५.१ वर येतो, थांबवताना खाली जातो. मुलं आळीपाळीने पंचवीस-तीस वेळा करत होती. हात थरथरला की काटा थरथरतो, त्यामुळे हळू आणि लांब उचलायला लागतं. जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहून दोर घेतला तेव्हा जमलं.

१४ जुलै

गाडीचा दिवस. चार फूट फळी ३५० रुपये, चार बेअरिंग १८० रुपये. लाकडाच्या ठोकळ्याला बेअरिंगची चाकं, पुढे दोरा, टेबलाच्या कडेला खिळ्यावर शिलाई मशीनची बॉबिन हीच कप्पी, आणि खाली लटकवायला वाळूच्या ५० ग्रॅमच्या चार पुरचुंड्या. त्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घेतल्या.

काहीच धड झालं नाही. ५० ग्रॅमला गाडी हललीच नाही. कारण नव्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं असतं. पुरचुंड्या वाढवल्यावर हलली, तर मोबाइलच्या स्टॉपवॉचवर चार मुलांनी एकाच फेरीचे चार वेगळे वेळ सांगितले, १.२ पासून १.७ सेकंदापर्यंत. तिसरी चूक रात्री आलेख मांडताना सापडली. मी एकेक पुरचुंडी हातातून उचलून दोऱ्याला लावत होतो. लटकवलेलं वजन गाडीबरोबर स्वतःही पळतं, म्हणजे बल वाढवताना पळणारं एकूण वस्तुमानही वाढत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तर चारही पुरचुंड्या सुरुवातीला गाडीवर ठेवायच्या आणि तिथून एकेक उचलून दोऱ्याला लावायची.

१६ जुलै

बेअरिंग गॅरेजवाल्याने डिझेलमध्ये धुऊन दिली आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. बोटाने फिरवली की आता फिरत राहतात. स्टॉपवॉच बंद. फळीवर दर १० सेंटिमीटरला खडूची रेघ मारली, मोबाइलने व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजली. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे घड्याळ घरातच होतं.

आज एक गोष्ट न ठरवता झाली आणि तीच सगळ्यात मोलाची ठरली. टेबल अडीच फुटाचं. गाडी साठ सेंटिमीटर गेली की वाळूची पुरचुंडी जमिनीला टेकते आणि दोरा सैल पडतो. मला ती अडचण वाटत होती, मी टेबलाखाली विटा लावायच्या विचारात होतो. भाची म्हणाली, "आता ओढायला कुणी नाही ना? मग थांबेल." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी त्यांना कागदावर लिहायला लावलं आणि मग फ्रेम मोजल्या.

एक पुरचुंडी लावली होती. पहिल्या १० सेंटिमीटरला २८ फ्रेम, मग १२, ९, ८, ७, ६. इथे पुरचुंडी टेकली. त्यापुढे ६, ६, ६, ७.

कुणी बोललं नाही. एकाने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा मोजला. ओढणारं काही नाही, दोरा ढिला लोंबतोय, आणि गाडी त्याच वेगाने चाललीय. मग सगळ्यांचं लक्ष शेवटच्या सातकडे गेलं. "सहाचा सात का झाला?" हा प्रश्न त्यांनी विचारला, मी नाही. इतके दिवस प्रश्न होता की गाडी चालत का राहते. आज तो उलटा झाला: गाडी मंद का होते? घर्षण हा शब्द त्यानंतर आला आणि त्याला बसायला जागा तयार होती.

उद्या आषाढी एकादशी, सुट्टी.

२१ जुलै

पूर्ण एक मीटर ओढ मिळावी म्हणून फळी वाचनालयाच्या व्हरांड्याच्या कठड्यावर नेली. गाडी आणि चारही पुरचुंड्या मिळून दीड किलो. चार फेऱ्यांचं त्वरण काढून आलेख मांडला. सरळ रेघ आली, पण ती शून्यातून जाईना. बलाच्या अक्षाला ०.१५ न्यूटनच्या आसपास कापते. मला आधी वाटलं मोजण्यात चूक आहे आणि पुन्हा सगळ्या फेऱ्या घेतल्या. दीड तास गेला. चूक नव्हती. तेवढं बल घर्षण खाऊन टाकतं. सोळा तारखेचा तो सात इथे आकड्यात दिसतोय.

इलाज सोपा निघाला. फळीच्या मागच्या टोकाखाली दोनशे पानी वही सरकवली, साधारण १२ मिलिमीटर. दोरा न लावता गाडीला हलकी टिचकी मारायची आणि ती ना वेग धरेल ना सोडेल इतका उतार ठेवायचा. मग पुन्हा फेऱ्या. एक मीटरला ७४, ५३, ४३ आणि ३७ फ्रेम. त्वरण ०.३३, ०.६४, ०.९७, १.३१ मीटर प्रति सेकंद वर्ग. बल दुप्पट, तिप्पट, चौपट, आणि त्वरणही तसंच. दर वेळी बलाला त्वरणाने भागलं (न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे हे वस्तुमान) की दीडच्या आसपास येतं, आणि दीड किलो तर आम्ही तोलून घेतलं होतं. भाचीने वहीत त्या आकड्याभोवती तीनदा गोल काढला.

२५ जुलै

जोराचा पाऊस, दोन दिवस वीज नाही. काम बंद.

२८ जुलै

कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट नावाचा उपक्रम आहे, नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यातली सिम्युलेशन फुकट आहेत, काही मराठीतही आहेत, आणि उतरवून ठेवली की नेट नसताना चालतात. 'फोर्सेस अँड मोशन: बेसिक्स' लॅपटॉपवर लावलं. खरं तर हे मी जूनमध्येही एकदा दाखवलं होतं, त्याची नोंद राहून गेली. तेव्हा रस्सीखेच मध्येच थांबवून सगळी माणसं काढून टाकली तरी मधली गाडी चालत राहिली, तर एक मुलगा म्हणाला होता, "गेम आहे मामा, गेममध्ये काहीपण होतं." आज तोच पुढे सरसावला आणि बाकीच्यांना सांगायला लागला, "हे म्हणजे पुरचुंडी टेकल्यावरचं." साधन तेच, दाखवायचा क्रम चुकला होता. लाकडाची गाडी आधी, पडद्यावरची नंतर. घर्षण कमी-जास्त करायची पट्टी मात्र आमच्या फळीला नाही, तिथे फेटला तोड नाही.

१ ऑगस्ट

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप घेतलं. मोबाइलमधल्या संवेदकांनी त्वरण मोजतं. टेबलावर निवांत पडलेला फोन ९.८ दाखवायला लागला आणि मुलांचा सगळा विश्वास ढासळला. संवेदक टेबलाने दिलेला आधार मोजतो, आपण म्हणतो ते त्वरण नाही, हे समजावताना माझीच दमछाक झाली. गुरुत्व वगळून दाखवणारा पर्याय ॲपमध्ये वेगळा आहे, तो मला नंतर दिसला. एका मुलाने एसटीत पसरणी घाटात फोन मांडीवर धरून वळणं मोजायचा प्रयत्न केला. खड्ड्यांच्या धक्क्यांत वळण शोधूनही सापडेना. एक संध्याकाळ आणि एक फेरी फुकट. सध्या बाजूला ठेवलं.

६ ऑगस्ट

तिसरा नियम. दोन तानकाटे एकमेकांत अडकवले, एका टोकाला वर्गातला सगळ्यात दणकट मुलगा आणि दुसऱ्या टोकाला त्याची सडपातळ चुलत बहीण. तो ओढो, ती ओढो, दोन्ही काट्यांवर आकडा सारखाच. मग एक काटा खिळ्याला अडकवला आणि तिने एकटीने ओढलं. तरीही सारखा. खिळा ओढतो हे मान्य करायला वेळ लागला.

मग बैलगाडी. "बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागं ओढते, मग गाडी चालते कशी?" पहिल्यांदा मी शब्दांत सांगितलं आणि मीच अडखळलो. उपाय टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरच्या खेळण्यांसारखा हाताने करायचा काहीतरी मिळेल म्हणून तिथे शोधलं. फुग्याचं रॉकेट मिळालं, नायलॉनचा दोरा आणि स्ट्रॉ लावून छान पळालं, पण बैलाचा गुंता त्याने सुटला नाही. सुटला तो कागदाने. दोन कागद घेतले. एकावर फक्त गाडी, दुसऱ्यावर फक्त बैल. ज्या कागदावर जी वस्तू, तिच्यावरची बलं तेवढीच काढायची. गाडीच्या कागदावर बैलाची ओढ पुढे आणि चाकांचा विरोध मागे. बैलाच्या कागदावर गाडीची ओढ मागे आणि जमीन खुराला देते ते बल पुढे. एकमेकांची जोडी असलेली बलं दोन वेगळ्या कागदांवर गेली, ती एकमेकांना खोडणार कशी? शेतकऱ्याच्या घरातली पोरगी लगेच म्हणाली, "म्हणून चिखलात बैल घसरतो तेव्हा गाडी हलत नाही." तिच्या कागदावर तिने खुराखालचा बाण छोटा करून दाखवला.

११ ऑगस्ट

जूनचेच आठ प्रश्न पुन्हा. ५६ पैकी ४१ बरोबर. बादली आणि स्ट्रायकर सातहीजणांचं बरोबर. वर फेकलेल्या चेंडूवर मात्र तिघेजण अजून 'वरच्या दिशेने हाताचं बल' लिहितात, आणि त्यात भाची आहे.

खर्च: तानकाटे ४८०, फळी ३५०, छपाई ३१०, बेअरिंग १८०, डेटा ९८, दोरा-फुगे-स्ट्रॉ ६०. एकूण १४७८ रुपये. छपाईचे २०० आणि डेटाचे ९८ वाचवता आले असते. वेळेचं म्हणाल तर आठ आठवडे, आणि त्यातले व्हिडिओंचे नऊ दिवस वगळा.

१४ ऑगस्ट

चेंडूसाठी बाजूला ठेवलेलं फायफॉक्स परत काढलं. या वेळी गुरुत्वासह दाखवणारा पर्याय मुद्दाम निवडला, कारण तो फोनला मिळणारा आधार किंवा धक्का दाखवतो, पृथ्वीची ओढ नाही. माझा जुना फोन उशीच्या खोळीत घट्ट गुंडाळला, खाली दोन गाद्या घातल्या. गिरकी न घेता सरळ वर फेकायला सातवा-आठवा प्रयत्न लागला. फेकण्याआधी तिघांकडून आलेख काढून घेतला: हातातून सुटल्यावर वर जाईपर्यंत धक्का दिसेल, मग हळूहळू कमी होईल.

खऱ्या आलेखात हातात असताना ९.८ ची सपाट रेघ, मग फेकतानाचा उंचवटा, आणि तिथून एकदम खाली शून्यापाशी. गादीवर आपटेपर्यंत तिथेच. वर जातानाही शून्य, खाली येतानाही शून्य. हाताचा धक्का हातापाशीच संपला होता.

भाचीने फोन घेतला, आलेख बोटांनी मोठा केला आणि उंचवटा संपतो त्या जागेवर नख ठेवलं.

"मामा, हात इथं सुटला?"

"हो."

तिने स्वतःचा कागद उलटा करून मागच्या बाजूला नवा चेंडू काढला. एकच बाण, खाली जाणारा.